आबांना कोणी विचारले आहे का?

देवगड तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र मोठे आहे, म्हणून त्यातील आवश्यक तेवढा भाग त्यांच्याच शब्दांत देतो.

"माझे वडील, म्हणजे आमचे आबा, ७९ वर्षांचे आहेत. गेली दहा वर्षे त्यांना दम्यासारखा फुफ्फुसाचा विकार आहे. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. दोन वर्षांपासून घरी ऑक्सिजनचे मशीन आहे. पावसाळ्यात लाईट गेली की मशीन बंद पडते, मग सिलिंडर लावेपर्यंत आबा पडवीच्या खांबाला धरून बसतात. हे सगळे मीच पाहत आले आहे. या वर्षी चार वेळा दवाखान्यात ठेवावे लागले. या वेळी न्यूमोनिया झाला म्हणून रातोरात करूळ घाटातून कोल्हापूरला नेले. आज अकरा दिवस ते व्हेंटिलेटरवर आहेत. आता किडनीही नीट काम करत नाही. मधूनमधून डोळे उघडतात, पण नळी ओढतात म्हणून हात बांधून ठेवले आहेत. डॉक्टर म्हणतात की गळ्याला छिद्र पाडून नळी घालावी लागेल. त्यांनी असेही विचारले की हृदय बंद पडले तर छाती दाबून शॉक द्यायचा का, ते लिहून द्या. मुंबईहून दादा फोनवर सांगतो, 'सगळे करा, काही सोडू नका.' मागच्या मे महिन्यात आबा मला म्हणाले होते, 'माका नळयो लावन ठेव नको गो, जा काय होवचा ता हयच होवंदे.' (मला नळ्या लावून ठेवू नकोस गं, जे काय व्हायचे ते इथेच होऊ दे.) ते फक्त मी ऐकले आहे. काका म्हणतात, ग्रामदैवत रवळनाथाचा कौल घेऊ. गावात लोक म्हणतील की बाग वाचवण्यासाठी बापाला सोडले. मी 'नको' असे लिहून दिले तर ते पाप होईल का? की ॲम्ब्युलन्स करून त्यांना घरी घेऊन यावे? गडबडीत त्यांचा चष्मा आणि कानाचे यंत्रसुद्धा घरीच राहिले."

ताई,

तुमच्या पत्रात तुम्ही आहात, दादा आहे, काका आहेत, डॉक्टर आहेत, गाव आहे आणि रवळनाथही आहे. आबांना आज काय वाटते, हे मात्र त्यात कुठेच नाही. हा दोष तुमचा नाही. अतिदक्षता विभागाच्या दारापाशी बहुतेक कुटुंबांचे असेच होते आणि आम्हा डॉक्टरांचेही होते. माणसाच्या तोंडात नळी गेली की त्याचे बोलणे थांबते आणि बोलणे थांबले की त्याला विचारणेही थांबते. तेव्हा कागदावर सही करायची की नाही, हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. डॉक्टरांना आधी एवढेच विचारा की आबांना शुद्धीवर आणून त्यांच्याशी बोलता येईल का.

हे मी सहज लिहीत नाही. बरीच वर्षे अतिदक्षता विभागात काढल्यावरही माझ्या हातून घडलेली एक चूक माझ्या मनातून जात नाही. व्हेंटिलेटरवर असलेल्या एका वृद्ध मच्छीमाराविषयी मी त्यांच्या मुलांशी सलग चार दिवस बाहेरच्या बाकावर बसून चर्चा केली. नळी ठेवायची की काढायची, पुढे काय करायचे, खर्च किती येईल, सगळे बोललो. चौथ्या रात्री त्यांच्याच भागातल्या एका नर्सने गुंगीचे औषध कमी असताना त्यांच्या बोलीत विचारले, "काय हवे आहे का?" त्यांनी बांधलेल्या हाताची दोन बोटे मनगटाशी फिरवली. बांगड्या, असा तिने अर्थ लावला आणि तो बरोबर होता. त्यांना बायकोला भेटायचे होते. तिला हे बघवणार नाही, म्हणून मुलांनी तिला गावीच ठेवले होते. ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आली, पण तोवर त्यांची शुद्ध हरपली होती. चार दिवस आम्ही त्यांच्यापासून दहा पावलांवर बसून त्यांच्याविषयी बोलत होतो.

तुमचे आबा डोळे उघडतात आणि नळी ओढतात. नळी ओढण्याचा अर्थ "मला हे नको" असाच आहे, असे धरून चालू नका. घशात काही अडकले की अर्धवट शुद्धीतला माणूस ते ओढणारच. पण मेंदू जागा होऊ शकतो, एवढे त्यावरून नक्की समजते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचे गुंगीचे औषध दिवसातून एकदा कमी करून त्याला जागे करून पाहण्याची पद्धत अतिदक्षता विभागात रूढ आहे. ते सहसा सकाळी करतात. त्या वेळी तुम्हाला आत थांबू द्यावे, अशी विनंती करा. डोके उंच करायला आणि हात तुमच्या देखत सोडायला सांगा. आधी आबांना कुठे दुखते, श्वास कोंडतो का, भीती वाटते का, हे विचारा. हो असेल तर हात दाबा, नाही असेल तर डोळे मिटा, अशी खूण ठरवून घ्या आणि ती पक्की बसली आहे की नाही हे साध्या प्रश्नांनी पडताळा. मी तुमची मुलगी का? आपली बाग देवगडला का? आपण आता घरी आहोत का? या उत्तरांत गोंधळ झाला तर मोठा प्रश्न त्या दिवशी विचारू नका. अतिदक्षता विभागात वृद्धांना भ्रम होणे अगदी नेहमीचे आहे आणि भ्रमातले उत्तर हे त्यांचे उत्तर नव्हे.

मोठा प्रश्नही "जगायचे की नाही" असा विचारू नका. त्याला कोण काय उत्तर देणार? त्याऐवजी असे विचारा: आबा, ही नळी तोंडातून काढून गळ्यात घातली तर बरेच दिवस मशीनवर राहावे लागेल, ते चालेल का? नळी काढली आणि पुन्हा दम लागला तर पुन्हा घालायची, की त्रास होऊ नये म्हणून नुसती औषधे द्यायची? मालवणीतच विचारा. तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी उलटा करून विचारा आणि दोन्ही वेळा डॉक्टर किंवा नर्स हजर असू द्या, म्हणजे उत्तराची नोंद केसपेपरवर होईल. समजून उमजून निर्णय घेऊ शकणाऱ्या प्रौढ रुग्णाला उपचार नाकारण्याचा अधिकार आपल्याकडे मान्य आहे. त्याने स्वतः सांगितलेले असेल तर ते तुमच्या, दादाच्या आणि माझ्याही मताच्या वर आहे.

आणि एका गोष्टीची तयारी ठेवा. कदाचित आबा म्हणतील की करा, मला आणखी बघायचे आहे. पडवीत बसून धडधाकट मनाने बोललेले आणि प्रत्यक्ष वेळ आल्यावर वाटणारे नेहमी एकच असते असे नाही. तसे झाले तर दादाला आपण होऊन फोन करा आणि सांगा की तुझे बरोबर होते. मे महिन्यातला शब्द तुम्ही जपून ठेवलात, तो आबांनीच बदलला तर त्यात तुमची हार नाही.

पुष्कळदा असे विचारणे जमत नाही. शुद्ध येत नाही किंवा आली तरी टिकत नाही. तेव्हा मे महिन्यातल्या त्या एका वाक्याला मोल येते. लेखी नाही, साक्षीदार नाही, म्हणून ते फुकट गेले असे समजू नका. ते डॉक्टरांना शब्दशः सांगा, कोणत्या प्रसंगी म्हणाले तेही सांगा आणि आणखी कोणाशी बोलले होते का ते शोधा. बागेत कामाला येणारा गडी, ऑक्सिजनचे सिलिंडर आणून देणारा मुलगा, समोरच्या वहिनी, अशा लोकांपाशी म्हातारी माणसे घरच्यांपेक्षा मोकळेपणाने बोलतात. मग प्रश्न "आम्हाला काय वाटते" असा राहत नाही, "आबांनी काय सांगितले असते" असा होतो. त्याचे उत्तर देताना तुम्ही त्यांच्या जिवाचा निकाल लावत नाही, त्यांचा निरोप पोचवता.

आता छाती दाबण्याविषयी. त्याला आम्ही सीपीआर म्हणतो. छाती न उघडता तिच्यावर बाहेरून दाब देऊन हृदय चालवण्याची ही रीत १९६० मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे वैद्यकीय जगापुढे आली. ज्यांचे हृदय अचानक थांबले आहे आणि थांबण्याचे कारण दूर करता येण्यासारखे आहे, त्यांच्यासाठी ती आहे. विजेचा धक्का बसलेला तरुण, हृदयविकाराचा पहिलाच झटका आलेला माणूस, शस्त्रक्रियेच्या टेबलावर भुलीखाली असलेला रुग्ण, यांना तिने अक्षरशः परत आणले आहे. पण ती प्रत्यक्षात काय असते, हे दादाला कोणीतरी सांगायला हवे. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा छातीचे हाड सुमारे पाच सेंटिमीटर आत जाईल इतक्या जोराने दाबतात. वयस्कर माणसाच्या बरगड्या त्यात मोडतात आणि ते दाबणाऱ्याच्या तळहाताला कळते. रुग्णालयात हृदय थांबलेल्या सर्व वयांच्या आणि सर्व आजारांच्या रुग्णांचा एकत्र विचार केला, तर अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे चार-पाच जणांपैकी साधारण एक जण घरी जातो. ज्यांची फुफ्फुसे वर्षानुवर्षे थकलेली आहेत, जे आधीच व्हेंटिलेटरवर आहेत आणि ज्यांची किडनीही साथ सोडते आहे, त्यांच्यात हे प्रमाण याहून फार खाली येते, कारण अशा माणसाचे हृदय इतर सगळे संपत आल्यावर शेवटी थांबते. ते दाबून चालू केले तरी ज्या कारणाने थांबले ते कारण जागेवरच राहते.

म्हणून "छाती दाबू नये" असा निर्णय झाला तर त्याचा अर्थ उपचार थांबवले असा होत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतही हा निर्णय फक्त सीपीआरपुरता आहे आणि बाकीचे उपचार चालू राहतात, हे स्पष्ट आहे. प्रतिजैविके, ऑक्सिजन, नळीतला कफ ओढून काढणे (सक्शन), कूस बदलणे, वेदनेवरचे औषध, सगळे चालू असते. हा निर्णय मुळात वैद्यकीय आहे. तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी घ्यायचा, तुमच्याशी बोलून घ्यायचा आणि केसपेपरवर लिहायचा. "लिहून द्या" असे सांगून डॉक्टर बाजूला होत असतील, तर नम्रपणे पण ठामपणे विचारा: "डॉक्टर, तुमचा सल्ला काय आहे? छाती दाबल्याने आबा घरी येतील असे तुम्हाला वाटते का?" सल्ला देणे हे त्यांचे काम आहे. दमलेल्या मुलीच्या हातात कोरा कागद देणे हा सल्ला नव्हे.

व्हेंटिलेटर काढून घेण्याची गोष्ट कायद्याच्या दृष्टीने वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची कार्यपद्धती सोपी केली. रुग्ण बरा होण्याची आशा नसेल, तर रुग्णालयातील उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असे पहिले मंडळ मत देते. त्यानंतर दुसरे मंडळ स्वतंत्रपणे पाहते आणि त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, कुटुंबाची संमती असावी आणि प्रत्यक्ष कृतीपूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे, अशी ही रीत आहे. आबांनी आधी काही लिहून ठेवलेले नसले तरी हा मार्ग खुला आहे. इंजेक्शन देऊन जीव घेणे मात्र आपल्या देशात गुन्हा आहे आणि या सगळ्याशी त्याचा काही संबंध नाही. व्हेंटिलेटर न लावणे आणि लावलेला काढणे यांत मनाला फार मोठा फरक वाटतो, काढणे म्हणजे आपल्या हाताने मारणे असे वाटते. वैद्यकीय नीतिशास्त्र हा फरक मानत नाही, आणि मीही मानत नाही. एकदा लावले की काढताच येत नाही असे ठरले, तर लावून पाहण्याचीच भीती वाटू लागेल आणि ज्यांना त्याचा उपयोग झाला असता तेही मुकतील.

येथे अरुणा शानभाग यांची आठवण होते. त्या याच किनाऱ्यावरच्या, कारवारच्याही दक्षिणेला असलेल्या हळदीपूरच्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका असताना १९७३ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला आणि मेंदूला इजा होऊन त्या ४२ वर्षे अंथरुणावर राहिल्या. त्यांना मरण यावे म्हणून झालेल्या याचिकेवर २०११ मध्ये निकाल देताना न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार बाहेरून आलेल्या याचिकाकर्तीला दिला नाही. ज्या सहकारी परिचारिका आणि डॉक्टर वर्षानुवर्षे त्यांना भरवत आणि न्हाऊ घालत होते, त्यांना तो दिला. त्यांचे म्हणणे अरुणांनी जगावे असे होते, आणि तेच मानले गेले. मी हे सांगतो ते निकालाच्या दिशेसाठी नव्हे. रोज हात लावून सेवा करणाऱ्याच्या शब्दाला वजन असते, हे त्यातून दिसते. दहा वर्षे ते काम तुम्ही केले आहे.

दादाविषयी रागाने विचार करू नका. "सगळे करा" असे बहुधा तोच म्हणतो, ज्याला काहीच करता आलेले नसते. लाईट गेल्यावर आबा खांबाला कसे धरून बसतात, हे त्याने पाहिलेले नाही. त्याच्या डोळ्यांपुढे गणपतीत आरतीला उभे राहिलेले आबा आहेत. फोनवर वाद घालण्यापेक्षा त्याला बोलावून घ्या. शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघाला तर शनिवारी सकाळी तो कोल्हापुरात असेल. आधी त्याला एकट्याने आबांजवळ बसू द्या, नळी, बांधलेले हात आणि सुजलेली बोटे पाहू द्या, आणि मगच दोघांनी मिळून डॉक्टरांसमोर बसा. "तुला काय हवे" असे विचारू नका. "आबांना यातले काय चालले असते" असे विचारा. तरीही त्याचे मन तयार झाले नाही तर मुदत ठरवून उपचार करण्याचा मार्ग आहे. आणखी चार किंवा पाच दिवस पूर्ण उपचार करायचे, ऑक्सिजनची गरज, लघवीचे प्रमाण आणि रक्तदाबाच्या औषधाचा डोस ही तीन मापे आधीच लिहून ठेवायची, आणि त्या दिवशी पुन्हा बसायचे. सुधारणा असेल तर पुढे जायचे, नसेल तर त्रास कमी करणाऱ्या उपचारांकडे वळायचे. गळ्यातल्या नळीचा निर्णयही त्यातच घ्या. तोंडातल्या नळीपेक्षा ती सोसायला सोपी असते, पण इतकी थकलेली फुफ्फुसे त्यानंतरही मशीनवाचून चालतील का, हे स्पष्ट विचारा. नाही चालली, तर पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाईट जाणाऱ्या घरात व्हेंटिलेटर कसा चालवणार, याचाही हिशेब त्याच बैठकीत मांडा.

पैशाचा विचार मनात येतो म्हणून स्वतःला दूषण देऊ नका. बागेवर अजून तीन घरे जगायची असतात. फक्त क्रम सांभाळा. आबांना काय हवे आणि उपचाराचा उपयोग किती, हे आधी ठरू द्या, खर्चाचे नंतर बोला. मग गावात कोणी काही म्हटले तरी तुम्हाला स्वतःला उत्तर देता येईल. काकांनाही दुखवू नका. पण कौल एकदाच "हो" किंवा "नको" सांगतो आणि आबांची प्रकृती रोज बदलते आहे. उद्या सुधारणा झाली आणि कौल "नको" असला, तर काका कोणाकडे जातील? रवळनाथापुढे गाऱ्हाणे जरूर घाला, आबांचे हाल होऊ नयेत आणि आम्हा भावंडांत फूट पडू नये असे घाला. निर्णयाचे ओझे मात्र कौलासाठी देवाला लावलेल्या कळ्यांवर टाकू नका.

पापाबद्दल तुम्ही विचारले आहे. मी धर्मशास्त्राचा अधिकारी नाही. रायगड जिल्ह्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला आजारपणात अन्न आणि औषध घेणे थांबवले आणि शांतपणे देह ठेवला, हे मला ठाऊक आहे. त्यांची गोष्ट आणि आबांची गोष्ट एक नव्हे. त्यांनी स्वतःच्या मुखाने ठरवले होते आणि आबांच्या मुखात आज नळी आहे. पण येणाऱ्या मरणाला अडवत न बसणे म्हणजे आपल्या माणसाला टाकून देणे, असे आपल्या परंपरेने सरसकट कधीच मानलेले नाही. आबा जातील तर आजाराने जातील, तुमच्या सहीने नव्हे.

ॲम्ब्युलन्स करून घरी आणण्याविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. "आमच्या जबाबदारीवर नेतो" असे लिहून देऊन निघालेले रुग्ण मी पाहिले आहेत. घाटाच्या वळणांवर ॲम्ब्युलन्समधला एक मुलगा हाताने श्वास देणारा फुगा दाबत असतो, पुढच्या सीटवर रुग्णाची मुलगी मागे वळून बघत असते, आणि पडवीत पोचल्यावर तोच मुलगा नळी काढून निघून जातो. त्यानंतर माणूस अर्धा तास किंवा पाच तास श्वासासाठी तडफडतो आणि घरात त्याच्यासाठी एकही औषध नसते. आबांनी "हयच होवंदे" म्हटले ते अशासाठी नव्हे. घरी आणायचेच असेल तर रुग्णालयाकडून रीतसर आखणी करून घ्या. वाटेतच जीव जाण्याचा संभव किती आहे, हे स्पष्ट विचारा. धाप कमी करण्यासाठी मॉर्फिनसारखे औषध लहान मात्रेत देतात. ते श्वासाची कासावीस शमवण्यासाठी असते आणि योग्य मात्रेत दिल्याने माणूस दगावत नाही. ते कोण देणार, रात्री कोणाला फोन करायचा, आणि गावातला कोणता डॉक्टर येऊन पाहील व मृत्यूचा दाखला देईल, हे निघण्यापूर्वी ठरलेले असावे. वेदनाशामक उपचारांचे, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचे, पथक तुमच्या जिल्हा रुग्णालयात आहे का, याची चौकशी दादाला करायला सांगा. दूर बसून करण्याजोगे हे खरे काम आहे आणि त्याला कामाची गरज आहे. यातले काही जुळले नाही तर आबांनी रुग्णालयातच राहावे, पण पडद्याआड, हात सोडलेले, धाप शमवलेली, जवळ तुम्ही आणि दादा, आणि चालत असेल तर तुळशीपत्र आणि घरचे पाणी. घर तिथेही नेता येते.

उद्या सकाळी देवगडहून कोणी कोल्हापूरला येणार असेल तर त्याच्याबरोबर आबांचा चष्मा मागवून घ्या. कानाचे यंत्रही मागवा आणि त्याचे नवे सेल वाटेत घ्यायला सांगा. गुंगी उतरल्यावर त्यांना तुमचा चेहरा दिसायला हवा आणि तुम्ही काय विचारता ते ऐकू यायला हवे.